अंतर्मुख, मितभाषी की भिडस्त?

महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: भरतीच्या वेळी द्यायची स्वभावचाचणी आम्ही मराठीत आणतो आहोत. ‘इंट्रोव्हर्ट’ला मी ‘अंतर्मुख’ लिहिलं, साहेब म्हणतात ‘मितभाषी’ लिहा. शिवाय अहवालाच्या नमुन्यात ‘उमेदवाराचा अहं प्रबळ आहे’ असं वाक्य आहे. ते वाचून आमचे सुपरवायझर म्हणाले, ‘असला माणूस नको बुवा लाइनवर.’ दोन्ही ठिकाणी काय लिहावं?

ताई, आधी ‘अंतर्मुख’चं बघू. शब्दात खोट काहीच नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ साली स्वभावप्रकारांवरच्या ग्रंथात इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट ही जोडी मांडली, तेव्हा माणूस बोलतो किती हा त्याचा मुख्य मुद्दा नव्हता. मनाची ओढ बाहेरच्या माणसांकडे, वस्तूंकडे आहे की आतल्या विचार-कल्पनांकडे, हे त्याला सांगायचं होतं. इंद्रियं बाहेर धावतात, ती आत वळवावीत, हे आपल्याकडे उपनिषदांपासून कीर्तनापर्यंत मुरलेलं आहे. त्यामुळे युंगसाठी ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ ज्यानं कुणी योजले त्याला दादच द्यायला हवी.

घोटाळा झाला तो नंतर. युंगचे शब्द मोजमाप करणाऱ्यांच्या हाती गेले. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकनं त्यांवर प्रश्नावल्या उभ्या केल्या, पुढे ‘बिग फाइव्ह’ म्हणतात ती पाच गुणविशेषांची मांडणी आली आणि वाटेत अर्थ सरकला. आज या मापावर माणसांत रमणं, बोलकेपणा, उत्साह, पुढाकार हे मोजतात. त्यात कमी गुण पडले की तो इंट्रोव्हर्ट. विचारांत, कल्पनांत रमणं या मापात धरतच नाहीत. त्यासाठी नव्या अनुभवांविषयीच्या मोकळेपणाचं माप वेगळं आहे. मराठी ‘अंतर्मुख’ मात्र जागचा हलला नाही. नाटकाच्या परीक्षणात ‘प्रेक्षकाला अंतर्मुख करणारा प्रयोग’ असं आपण लिहितो, तेव्हा प्रेक्षक घुमा झाला असं आपल्याला म्हणायचं नसतं. तो विचारात पडला, स्वतःकडे बघू लागला, असा तो अर्थ. शिवाय त्यात कौतुक आहे, आणि ती तात्पुरती अवस्था आहे. चाचणीला कायमचा कल हवा असतो, तोही निंदास्तुती वगळून.

पडताळून बघायचं म्हणून तुमचा प्रश्न मी तलावपाळीवर बसणाऱ्या एका काकांना चाचणीतल्यासारखा करून वाचून दाखवला: ‘आपण अंतर्मुख आहात का?’ काकांभोवती रोज संध्याकाळी घोळका असतो, आणि त्यात बोलणारे बहुतेक तेच एकटे. म्हणाले, ‘आहे की! निवृत्त झाल्यापासून तर फारच.’ आता या उत्तराला गुण कसे देणार?

साहेबांचा ‘मितभाषी’ साधा वाटतो, पण तोही पुरत नाही. एक तर तो फक्त बोलण्यापुरता आहे. दुसरं म्हणजे त्यातही सद्गुणाचा वास आहे, मोजकं आणि नेमकं बोलणारा असा. नोकरीच्या मुलाखतीला आलेला कोण ‘मी मितभाषी नाही’ यावर खूण करील?

आणि कमी बोलणारी माणसं काय एका जातीची असतात? मराठीनं त्यांची केवढी वर्गवारी करून ठेवली आहे बघा. बुजरा गप्प असतो तो भीतीनं. त्याला बोलायचं असतं, पण छाती धडधडते. पाच गुणविशेषांच्या भाषेत ही गोष्ट भावनिक अस्थिरतेकडे झुकते. माणूसघाण्याला किंवा तुसड्याला भीती वगैरे काही नसते, त्याला माणसंच नकोत. तो त्या पाचांतल्याच सौजन्याच्या मापावर घसरतो. आतल्या गाठीचा चारचौघांत भरपूर बोलेलही, फक्त पोटातलं ओठावर येऊ देणार नाही. एकलकोंडा एकटा राहतो, पण त्यात थोडी कीवही मिसळलेली आहे. मुखदुर्बळाला आपली बाजू मांडता येत नाही, एरवी तो मित्रांत खुशाल रमतो. आणि भिडस्त! याला इंग्रजीत एका शब्दात पकडून दाखवा. तो गप्पिष्ट असू शकतो, दहा जणांत उठबस असलेला असू शकतो. पण समोरच्याला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्याची जीभ अडते. तुमच्या कारखान्यात ओव्हरटाइमला सगळ्यांत आधी कोण अडकतो ते आठवा. इंग्रजी मापावर तो एक्स्ट्रोव्हर्ट निघेल, आणि तरीही त्याची खरी खूण त्या मापात सापडणार नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. स्वभाव मोजायच्या शास्त्राची एक मोठी वाट शब्दकोशातूनच निघाली. माणसामाणसांतले जे फरक महत्त्वाचे असतात, त्यांना भाषा कधी ना कधी नाव देतेच, असं ते गृहीत. फ्रान्सिस गाल्टननं १८८४ मध्ये इंग्रजी कोशातून असे शब्द वेचून बघितले. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरचा थोरला कोश चाळून जवळपास १८ हजार शब्द काढले. त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास टिकाऊ स्वभावगुण दाखवणारे ठरले. रेमंड कॅटेलनं ती यादी गाळत गाळत १६ घटकांपर्यंत आणली. म्हणजे इंग्रजी प्रश्नावलीच्या पोटात इंग्रजी शब्दकोश बसलेला आहे. मोल्सवर्थचा मराठी कोश पुढ्यात घेऊन कुणी हीच खटपट केली तर ‘भिडस्त’ कुठल्या घटकात पडेल, हे बघायला मला फार आवडेल.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: प्रश्नावलीत दोन्ही शब्द नकोत. ‘अंतर्मुख’ चाचणीच्या पुस्तिकेत ठेवा, तिथे तो पारिभाषिक आहे आणि रुळलेला आहे. उमेदवाराच्या हातातल्या कागदावर गुणाचं नाव न लिहिता वागणं लिहा. ‘अनोळखी लोकांत स्वतःहून बोलायला मला जड जातं.’ ‘चार लोक जमले की मला बरं वाटतं.’

या वाक्यांत ‘मला’ मुद्दाम घातलं आहे. ‘मी चटकन अस्वस्थ होतो’ असं लिहिलं की बायकांसाठी ‘होते’ लिहावं लागतं, मग प्रत्येक ओळीत तिरकी रेघ येते आणि कागद सरकारी अर्जासारखा दिसू लागतो. ‘मला चटकन अस्वस्थ वाटतं’ म्हटलं की प्रश्न मिटला. मराठीत मनाच्या बहुतेक गोष्टी अशा ‘मला’नं सांगता येतात: राग येतो, कंटाळा येतो, सुचतं, आवडतं, जमतं.

नकारार्थी वाक्यं शक्यतो टाळा. ‘मी फार बोलत नाही’ आणि पुढे ‘सहमत’, ‘असहमत’ असे चौकोन. बोलताना आपण ‘तू फार बोलत नाहीस ना?’ याला ‘हो, नाही बोलत’ असंही म्हणतो आणि ‘नाही हो, फार नाही बोलत’ असंही. अर्थ एकच, सुरुवात उलटी. कागदावर नेमका तोच माणूस चुकीच्या चौकोनात खूण करून मोकळा होतो, आणि दोष चाचणीच्या विश्वसनीयतेच्या माथी येतो. भाषांतर झालं की मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या. कुठे घसरलंय ते लगेच कळतं. मग दिघा, तुर्भे, कोपरखैरणे इथल्या, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या काही कामगारांना वाचायला द्या आणि ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ एवढंच विचारा. चाचणी विकतची असेल तर भाषांतराला प्रकाशकाची परवानगी लागते, हेही बघा. आणि ती चार अक्षरांत स्वभाव सांगणारी मायर्स-ब्रिग्ज असेल तर तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात, की नोकरीसाठी निवड करायला ती वापरू नका.

आता ‘अहं’. सुपरवायझरांचं काही चुकलं नाही. मराठीत अहं म्हणजे ताठा, आणि ‘त्याचा इगो दुखावला’ म्हणताना इगोचाही तोच अर्थ. मनोविश्लेषणातला इगो मात्र वेगळा: आतल्या वासना आणि बाहेरचं वास्तव यांचा मेळ घालणारा मनाचा भाग. फ्रॉइडनं १९२३ मध्ये जर्मनमध्ये साधं ‘मी’ आणि ‘ते’ असं लिहिलं होतं, पोरंसोरं वापरतात ते शब्द. इंग्रजी भाषांतरात त्यांना लॅटिन झूल चढली, इगो आणि इड. आणि आपण संस्कृतात अहम् आणि इदम् केलं. सांख्यांच्या तत्त्वांतला अहंकारही गर्वाचा नव्हे, ‘मी’पणाच्या जाणिवेचा, पण तो अर्थ पोथीत राहिला. या बाबतीत मराठीचं खरं नशीब निघालं ते ‘नेणीव’ या शब्दात. हरिपाठातल्या ‘जाणीव नेणीव भगवंती नाही’मधली अज्ञानाची नेणीव फ्रॉइडच्या अबोध मनासाठीही चपखल बसली.

तुमच्या अहवालातलं वाक्य बहुधा इगोच्या सामर्थ्याविषयी असावं. कॅटेलच्या १६ घटकांच्या चाचणीत ‘इगोचं सामर्थ्य’ हे भावनिक स्थैर्याचंच दुसरं नाव आहे: ताण आला तरी न डगमगणं, वास्तव बघून वागणं. म्हणजे ज्याला सुपरवायझर नको म्हणाले, तो लाइनवर हवा तसाच माणूस आहे! तिथे ‘मनाचा तोल चांगला राखतात’ किंवा नुसतं ‘खंबीर’ लिहा. त्याच चाचणीत ‘पराहम्’च्या, म्हणजे सुपरइगोच्या, बरं-वाईट बजावणाऱ्या मनाच्या सामर्थ्याचा घटक भेटला तर त्याचं ‘नियमाला धरून चालणारे’ करा. ‘पराहम् प्रबळ’ वाचून सुपरवायझर अजूनच घाबरतील.

जाता जाता, तुम्ही पाठवलेल्या मथळ्यात ‘व्यक्तिमत्व’ आहे. तिथे दोन त हवेत. व्यक्तिमत् अधिक त्व, म्हणून व्यक्तिमत्त्व. महत्त्व आणि तत्त्व तसेच. नेतृत्व, कर्तृत्व यांत मुळातच एक त. आणि ‘व्यक्ती’ एकटी असताना दीर्घ, समासात किंवा प्रत्ययापूर्वी तत्सम रूपात ऱ्हस्व. छपाईला देण्याआधी ‘क्ति’ तेवढी तपासा, टंकणारे हमखास दीर्घ करतात.