अमेरिकेत टेक्सासमधल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात सत्तरीच्या सासऱ्यांना घेऊन तंबूत राहावं का? एवढ्या वाळवंटात सावली आणि पक्षी मिळतील का?

न्याच, आणि तंबू कॉटनवुड कॅम्पग्राउंडलाच टाका. "म्हाताऱ्या माणसाला वाळवंटात कशाला नेता?" असं विचारणारे भेटतील. आम्हालाही भेटले होते.

बाबा नागपूरहून आले होते, गुडघे दुखायचे. आमच्या पक्षी बघणाऱ्या गटाच्या म्होरक्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "काकांना चढण झेपणार नाही, त्यांना घरीच राहू दे." त्याला कोलिमा वॉर्बलर हवा होता. अमेरिकेत हा पक्षी मुख्यतः तिथल्या चिसोस डोंगरातच घरटं करतो आणि त्याच्यासाठी बूट कॅन्यनपर्यंत दिवसभराची पायपीट करावी लागते. बाबांना मी नेलंच. गट पहाटे डोंगरात गेला, आम्ही दोघं खाली कॉटनवुडला थांबलो.

बाबा सावलीत खुर्ची टाकून बसले. समोरच्या वाळक्या फांदीवर व्हर्मिलियन फ्लायकॅचरचा नर होता. कुंकवासारखा लाल, पाठ आणि डोळ्यांवरची पट्टी काळपट. झेपावून किडा टिपायचा आणि परत त्याच फांदीवर. "ही कोतवालाची रीत. हलू नकोस, इथेच येईल," बाबा म्हणाले. तसंच झालं. मग तो छातीची पिसं फुलवून, पंख थरथरवत, गात वर गेला. थोड्या वेळाने चोचीत फुलपाखरू धरून मादीपुढे हजर! बाबांनी सगळं वेळेसकट वहीत उतरवलं.

संध्याकाळी म्होरक्याने विचारलं, "काकांची पक्ष्यांची यादी कितीवर गेली?" बाबांनी वही पुढे केली. त्याने आकडा बघितला, पान न वाचताच वही परत दिली. मला त्याचा राग अजून आहे. पक्षी बघणं म्हणजे पक्षी काय करतोय ते बघणं, आणि ते खुर्चीत बसून उत्तम होतं.

सावलीचं म्हणाल तर कॉटनवुडची झाडं चांगली उंच आहेत, रिओ ग्रँड नदी जवळच आहे. पाणी आणि झाडी एकत्र मिळते म्हणून आसपासच्या वाळवंटातले पक्षी तिथे जमतात. सुतार, होले, रात्री घुबडं; रोडरनर तर तंबूंमधून पळतो. जनरेटरला बंदी आहे, त्यामुळे आवाज नीट ऐकू येतात. रिओ ग्रँड व्हिलेज हे तिथलं दुसरं कॅम्पग्राउंडही चांगलं, तिथे कॉमन ब्लॅक हॉक हा शिकारी पक्षी घरटं करतो. पण ते मोठं आणि गजबजलेलं.

मार्चअखेर ते एप्रिल जा. मेमध्ये नदीकाठी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सासऱ्यांना नेऊ नका. जागा आधीच आरक्षित करा. वाळक्या फांद्यांखाली तंबू नको. खाणं गाडीत बंद ठेवा, हावेलिना (रानडुकरासारखे प्राणी) येतात. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायला उद्यानात मनाई आहे. औषधं जवळ हवीतच, मोठं रुग्णालय आल्पाइन गावात, दोन तासांहून लांब.

चिसोस वाईट आहे असं नाही, तुमचे पाय धड असतील तर जरूर जा. पण गटाने जाणार असाल तर सासऱ्यांसोबत एक दिवस खाली कोण थांबणार, हे निघण्याआधीच ठरवा. कुणीच तयार नसेल तर तो गट सोडा आणि दोघंच जा.