तिसाव्या दिवसाचा ग्लास

लेकरा,

अनेक आशीर्वाद. परवा वाळूजला घरी आलीस, कॉलममधून सतत बिअर काढायच्या तुझ्या प्रयोगाची बाटली टेबलावर ठेवलीस आणि मान खाली घालून म्हणालीस, "काका, सहाव्या दिवशी लोण्यासारखा वास यायला लागला. सर म्हणतात, विषय बदल." मी नुसता चहा पाजत बसलो. राहिलेलं आता लिहितो.

विषय सोडू नको, हे सांगायला पत्र नको. मला राग आला तो तुझ्या वहीचा. पाच दिवसांचे आकडे कसे सुबक, आणि सहाव्या दिवसापासून पान कोरं. काहून? खरी वही तिथूनच सुरू होते! अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या डिंकासारख्या पदार्थाच्या, मण्यांत यीस्ट कोंडून कॉलम, म्हणजे ती उभी नळी, भरला की तिसऱ्या दिवशी कुणाचीही बिअर बरी लागते. मला तिसाव्या दिवसाचा ग्लास दाखव.

लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल. तो बाहेरच्या जंतूंनीही येतो, म्हणून आधी मायक्रोस्कोपखाली बघ. जंतू नसतील तर दोष तुझ्या घाईचा. मणी यीस्टनं भरले की त्याची वाढ मंदावते, वर्टमधली, म्हणजे माल्टच्या गोड रसातली, अमिनो आम्लं ते कमी उचलतं, आणि डायअसेटिलचा कच्चा माल बिअरमध्ये राहून जातो. टाकीत गार मुरणाऱ्या लागर बिअरला तो निस्तरायला आठवडे मिळतात, तुझ्या कॉलमात तासच. फिनलंडच्या लोकांनी हे ओळखलं. यीस्ट काढून टाकलेली बिअर हवा न लागू देता 90 अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवायची, मग कोंडलेल्या यीस्टमधून दोनेक तासांत काढायची. तू एवढंच कर: दोन नमुने घे, एक झाकण लावून 60-65 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेव, गार कर, मग दोन्ही हुंग. तापवलेल्यालाच वास आला तर कच्चा माल शिल्लक आहे. हे वहीत लिही. तिसाव्या दिवसापर्यंत रोज लिही.

मणीही बघत जा. वर्टमधलं फॉस्फेट त्यांतलं कॅल्शियम ओढून घेतं, ते मऊ पडतात, आणि आतला कार्बन डायऑक्साइड त्यांना फाडतो. कारखान्यात हाच प्रयोग मी केला, तेव्हा माझे अकराव्या दिवशी फाटले. जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखा गिच्च गोळा झाला होता. साहेबांना जागा मोकळी हवी होती. मी अहवालात 'जंतुसंसर्ग' लिहून सही केली, कारण तो शब्द लिहिला की पुढं कुणी विचारत नाही. पोरांच्या फिया भरायच्या होत्या, मी एकटा काय करणार होतो? तुझ्या वयात हे पटणार नाही. मलाही रात्री पटत नाही.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि कोर्टानं दारू कारखान्यांचं पाणी कापलं. तेव्हा कुणी विचारलं असतं, की बाबा, टाक्या कमी, धुणं कमी, म्हणून पाणी कमी, असं काही आहे का तुझ्याकडं, तर मी काय दाखवलं असतं? अकरा दिवसांची वही, तीही खोटी.

म्हणून तिसावा दिवस, लेकरा. बिअर बिघडली तरी तिसावा. लाइट गेली, पंप थांबला, तर किती वाजता थांबला ते लिही आणि पुढं चालव. सरांना माझं नाव सांगू नको, उगाच चिडतील.

सोमवारी कॉलम नव्यानं भर. अल्जिनेट माझ्याकडं अर्धा डबा आहे, जुनं आहे, आधी थोडे मणी पाडून बघ. आणि पुढच्या खेपेला बाटली नको, वही घेऊन ये.

तुझा,
काका