पाळीव कुत्र्याला रात्री क्रेटमध्ये बंद करणं अमानुष आहे का?

तुम्ही लिहिलंय की घरात बीगलचं चार महिन्यांचं पिल्लू आहे, ट्रेनर सांगतो रात्री क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या सळयांच्या पिंजऱ्यात, घालून दार लावा, आणि आई म्हणते मुक्या जिवाला कोंडलंत तर पाप लागेल. त्यात स्वीडनमध्ये यावर बंदी आहे असं कुठेतरी वाचून तुम्ही घाबरला आहात.

माझं मत आधीच सांगून टाकते. पिल्लू असेपर्यंत काही महिने, तुमच्या पलंगाशेजारी, आणि रात्री एकदा उठून त्याला शू करायला नेणार असाल तर यात क्रूर काही नाही. धडधाकट, शहाण्यासवरत्या मोठ्या कुत्र्याला रोज रात्री जन्मभर कडी घालणं मला पटत नाही. आणि ज्यांच्या दारात कुत्रं साखळीला बांधलेलं असतं त्यांनी या विषयावर तोंड उघडू नये. हे शेवटचं तुम्ही विचारलेलं नाही, कल्पना आहे. पण तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमचे भाऊजी आठवले.

आमचा बाळ्या पिवळा लॅब्रेडोर. ज्यांनी लॅब पाळलाय त्यांना सांगायला नको, खायचं काय आणि न खायचं काय हा भेद ही जात मानत नाही. तो नुकताच वर्षाचा झाला होता. मे महिन्यात माझे थोरले दीर आणि जाऊबाई कराडजवळच्या गावाहून पुण्याला आमच्याकडे राहायला आले. घरात रोज आमरस. भाऊजींना नुसता वाटीतला रस चालत नाही. रस काढून झाला की पायरीच्या कोया त्यांना वेगळ्या ताटात लागतात, चोखायला. एका रात्री जेवणं झाल्यावर सगळे बाल्कनीत गप्पा मारत बसले आणि ते कोयांचं ताट हॉलमध्ये टीपॉयवर राहिलं. लॅबच्या नाकाच्या उंचीला. ते तिथे कुणी ठेवलं हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पाहुणे होते, मी काही बोलले नाही.

ताटातल्या कोया कोण मोजतं? पुढे बाळ्या ओकायला लागला. पाणी प्यायला की पाणीसुद्धा बाहेर. पोट नगाऱ्यासारखं ताठ. मी पोळी पुढे केली तर त्याने तोंड फिरवलं. लॅबने पोळीला नाही म्हटलं की विचार करत बसायचं नसतं, गाडी काढायची. डॉक्टरांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला. कोय एक्स-रेत हाडासारखी ठळक उमटेलच असं नाही. दिसलं ते फुगलेलं आतडं. सोनोग्राफीत पत्ता लागला. लहान आतड्यात कोय घट्ट बसली होती, मागे येईना, पुढे सरकेना. अशी अडकून राहिली की त्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतडं सडायला लागतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून, आतड्याला छेद देऊन ती काढली. डॉक्टरांनी नंतर धुऊन, पिशवीत घालून ती आमच्या हातात दिली. आम्ही तिचं काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती, देव जाणे.

(कुत्रा असलेल्या घरात आंब्याच्या दिवसांत कचऱ्याचा डबा ओट्याखाली नको, दाराआड हवा. दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीसही तितकंच वाईट.)

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, आतले टाके सुटण्याची भीती पहिल्या चार-पाच दिवसांत सगळ्यात जास्त. उडी नाही, जिना नाही, सोफा नाही. दिवसा तुमचं लक्ष राहील, रात्री काय कराल? क्रेट आणा. आम्ही 42 इंची, घडी होणारा लोखंडी क्रेट आणला आणि आमच्या खोलीत माझ्या बाजूला मांडला. पहिल्या रात्री बाळ्या गळ्यातल्या कोनसकट (टाके चाटू नये म्हणून मानेभोवती घालतात तो प्लॅस्टिकचा भोंगा) सळयांवर आपटत रडत होता. मी खाली गादी टाकून झोपले, म्हणजे पडले. मध्येच भाऊजी दारात येऊन उभे राहिले.

"अगं, पिंजऱ्यात घालायला तो काय उंदीर आहे? जनावराची रात्र असते. आमचा वाघ्या बघ, रात्रभर सगळं रान त्याचं."

मागून जाऊबाई म्हणाल्या, "तळतळाट लागतो गं मुक्या जिवाचा."

आमचे हे म्हणाले, "दादा, डॉक्टरांनीच सांगितलंय." त्यावर भाऊजी म्हणाले, "डॉक्टर पैसे घेतो, तो सांगणारच."

आता या वाघ्याबद्दल. वाघ्या रात्री मोकळा असतो हे अगदी खरं. दिवसभर तो गोठ्याच्या खांबाला असतो. साखळी इतकी की पाण्याच्या घमेल्यापर्यंत तोंड पोचतं. दुपारी सावली पलीकडे सरकली की तिच्यापर्यंत पोचत नाही. मी ते उन्हाळ्यात पाहिलंय, पावसाळ्यातही पाहिलंय. त्याच्या मानेवर पट्ट्याखाली केस नाहीत. त्याबद्दल तळतळाट लागत नाही, कारण आजोबांच्या वेळेपासून तो खांब तिथेच आहे आणि खांबाला कुत्रं आहे. बाळ्याला आठवडाभर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आडोशाला ठेवलं तर पुढच्या लग्नात कराडच्या मांडवात माझी ओळख "हिच्याकडे कुत्रा पिंजऱ्यात झोपतो" अशी करून दिली गेली. लोक हसले. मीही हसले.

घरी येऊन मात्र कायदा वाचून काढला. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम 11. जनावराला धड हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता, असं त्यात आहे. भाऊजींच्या बाजूने एक गुण. त्याच्या लगेच पुढे, अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हीही क्रूरता. आणि त्याच्याही पुढचं पोटकलम खास कुत्र्यांच्या मालकांसाठी आहे: कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर मालक दोषी. तिन्ही गोष्टी एकाखाली एक. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये; एवढ्यात मे महिन्यात डझनभर हापूस येत नाहीत, म्हणून या कायद्याला कुणी भीत नाही हे वेगळं सांगायला नको. पण मोजायचं काय ते त्यात नीट सांगितलंय. जागा किती, वेळ किती, आणि फिरवता की नाही.

स्वीडनचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तिथे घरात कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवता येत नाही. प्रवास, स्पर्धा, शिकार अशा प्रसंगांपुरती सूट आहे. फिनलंडचा कलही तोच. पण त्याच स्वीडिश नियमांत असंही आहे की दिवसा कुत्र्याला निदान दर सहा तासांनी बाहेर काढलंच पाहिजे. हे कुणी फॉरवर्ड करत नाही. सकाळी आठला लॅच ओढून रात्री आठला परतणाऱ्या घरांनी स्वीडनचा दाखला देऊ नये. अमेरिकेत उलट, तिथे पिल्लू आणलं की क्रेट येतोच, पट्टा आणि भांड्याबरोबर. पण तिथल्या पद्धतीतही एक खोट आहे, बेरजेची. रात्रीचे आठ तास आणि वर ऑफिसचे नऊ तास, म्हणजे दिवसाचे सतरा तास सळयांच्या आत. त्याला मी क्रूरच म्हणेन, कितीही मऊ गादी घाला.

तुमचा ट्रेनर बहुधा हेही सांगेल की कुत्रा मूळचा गुहेत राहणारा, त्याला क्रेट आवडतोच. हे विक्रीचं बोलणं. लांडगे बिळात असतात ते पिल्लं अगदी लहान असतात तेवढे दिवस. आपल्या गल्लीतली कुत्री बघा की. गाडीच्या टपावर झोपतात, बांधकामाच्या वाळूत झोपतात, भर रस्त्याच्या मध्ये झोपतात. व्यायला झालेली कुत्रीच तेवढी जिन्याखालचा कोपरा शोधते. यातलं एवढं मात्र खरं, की घाबरलेल्या कुत्र्याला तीन बाजूंनी आडोसा असलेली जागा लागते. दिवाळीत तुमचं पिल्लू दिवाणाखाली घुसेल तेव्हा बघालच. बाळ्याचे टाके निघाल्यावर आम्ही क्रेटचं दार सताड उघडं करून बांधून टाकलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो आपण होऊन आत जातो, वरून आम्ही जाड चादर टाकतो. मे महिन्यात त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून झोपतो. भाऊजी हे कधी सांगत नाहीत.

तर तुमचं पिल्लू. बीगलला 30 इंची क्रेट पुरतो; आत उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. फार मोठा घेतलात तर एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपेल. सुरुवातीला दार लावूच नका, आठवडाभर जेवण आतच द्या. पिल्लावर रागावून त्याला कधी आत घालू नका, एकदाही नाही. आत जाण्याआधी गळ्यातला पट्टा काढा. पट्ट्याची कडी सळईत अडकून कुत्री गुदमरतात. क्रेट बाल्कनीत ठेवू नका. शेजाऱ्यांना आवाज जाईल म्हणून लोक बाल्कनीचं दार लावून पिल्लाला बाहेर ठेवतात आणि मग ते जास्त ओरडतं. बीगल ही टोळीने शिकार करणारी जात, एकटं पडलं की सूर लावणारच. तुमच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकू आला पाहिजे. शेजाऱ्यांच्या तक्रारीने फार घाबरू नका. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे.

वेळेचा ठोकताळा असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, तितके तास ते दिवसा लघवी धरू शकतं. म्हणजे तुमचं पाच. रात्री थोडं जास्त धरतं, पण अकरा ते सात नाही. तीनच्या सुमारास कुणीतरी उठायचं. लसीचा शेवटचा डोस झालेला नसेल तर गल्लीतल्या मातीत नेऊ नका, पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या साथीची, भीती असते. बाथरूममध्ये वर्तमानपत्र घाला. शू झाली की गप्पा नाहीत, खेळ नाही, परत आत. पिल्लू आठ-दहा महिन्यांचं होऊन त्याचं चावणं कमी झालं आणि रात्र कोरडी जायला लागली की दार उघडं ठेवून बघा.

काही गोष्टी वरच सांगायला हव्या होत्या, आता सांगते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आपल्या उन्हाळ्यात बंद क्रेट नको, त्यांना नुसता श्वास घ्यायलाच कष्ट पडतात. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्यालाही नको. आणि काही कुत्री एकटं पडण्याच्या भीतीने खरोखर बिथरतात. तुमचं पिल्लू आत लाळेने भिजत असेल, सळया चावून तोंडातून रक्त काढत असेल, नखं तुटेपर्यंत खरवडत असेल तर ते सवयीने जाईल असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. दार उघडा, खोलीला लहान मुलांचं गेट लावा आणि डॉक्टरांना दाखवा. रडणं आणि बिथरणं यातला फरक पहिल्या दोन-तीन रात्रींत कळतो, झोपमोड झालेल्या माणसालाही.

वाघ्या अजून आहे. मागच्या खेपेला आमच्या ह्यांनी बाजारातून लांब तार आणि कप्पी नेली, गोठ्यापासून चिंचेपर्यंत तार ओढली आणि साखळी त्या कप्पीला लावली. आता तो सावलीबरोबर सरकतो. भाऊजी गावात सांगतात की ही कल्पना त्यांची. सांगू देत.

तुमच्या आईंशी पाप-पुण्यावर वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा की रात्री तीनला पिल्लाला उचलून न्यायचं काम त्या घेतील की तुम्ही घ्याल, आणि ते आजच ठरवा, कारण त्या वेळी ट्रेनर फोन उचलत नाही.