सप्टेंबरमध्ये स्वतःच्या गाडीने ताडोबाला जाण्यात अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की, सप्टेंबरच्या पावसात नागपूरहून स्वतःच्या गाडीने ताडोबाला जावे की ऑक्टोबरपर्यंत थांबावे. माझे उत्तर असे, की केवळ वाघ पाहायचा असेल तर थांबावे, पण जंगल पाहायचे असेल तर अवश्य जावे.

१९५५ साली घोषित झालेले हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून त्याचा गाभा, म्हणजे कोअर, १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो, कारण आतले कच्चे रस्ते एका सरीत चिखल होतात आणि वर्षभर गाड्यांचा आवाज ऐकणाऱ्या जनावरांना तेवढे तीन महिने तरी शांतता मिळते. गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, म्हणजे बफरमधली, अलीझंझा, मदनापूर यांसारखी गेट मात्र पाऊसमान पाहून चालू ठेवतात. तिथेही आपली गाडी बाहेरच ठेवून नोंदणी केलेल्या जिप्सीने, गाईडला सोबत घेऊनच जावे लागते, आणि जोराचा पाऊस झाल्यास फेरी रद्द होऊ शकते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून मगच निघावे.

आम्ही पोळ्यानंतरच्या आठवड्यात उमरेड, भिसी, चिमूर या मार्गाने ताडोबाच्या कडेच्या कोलारा गावाकडे गेलो होतो. भिसीच्या पुढे एका नाल्याच्या ठेंगण्या पुलावरून गढूळ पाणी वाहत होते. पाणी गुडघाभरच दिसत असल्यामुळे मी गाडी घालण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात मोटारसायकल बाजूला लावून थांबलेले एक दूधवाले काका म्हणाले, "घंटाभर थांबा जी, पाणी उतरते." ते खरोखरच उतरले, आणि तेव्हा दिसले की पुलाच्या कडेचा हातभर भाग खचून गेला होता. म्हणून त्या रस्त्याला नेहमीपेक्षा दोन तास जास्तीचे धरावेत.

वाघ आम्हाला दिसला नाही. पावसाळ्यात पाणी जागोजागी असल्याने त्याला पाणवठ्यावर यावे लागत नाही, आणि उन्हाळ्यात पारदर्शक वाटणारे सागाचे व बांबूचे रान इतके दाटते, की दहा पावलांवरचे चितळही दिसत नाही. पण रस्त्यावरच्या ओल्या मातीत त्याचे ठसे होते, आणि ते पाण्याने अजून भरलेले नव्हते. गाईडच्या मते तो पाऊस थांबल्यावर, आमच्या थोडाच वेळ आधी, तिथून गेला होता.

त्याच वाटेवर दोन झाडांच्या मध्ये जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याचे जाळे होते. तळहाताएवढी मादी मधोमध उलटी लटकत होती, तिच्याजवळ तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा नर होता, आणि ढगांतून ऊन पडताच जाळ्याचे धागे पिवळ्या रेशमासारखे चमकले. जाळे तुटू नये म्हणून चालकाने जिप्सी कडेने काढली. एप्रिल-मे महिन्यांत वाघासाठी मी अनेकदा तिथे गेलो आहे, पण इतका वेळ एका जागी थांबून काही पाहिल्याचे मला आठवत नाही.

परतीचा प्रवास मात्र उजेडातच करावा. पावसाळ्यात गावोगावची गुरे कोरडी जागा म्हणून डांबरी रस्त्यावरच बसतात, आणि सर चालू असताना काळी म्हैस गाडीच्या दिव्यांतही अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.