पिवळ्या 'सी'ला हात लावू नका : नेटहॅकमधल्या कॉकाट्रिसविषयी प्रश्नोत्तरे

नेटहॅक हा 1987 सालचा गेम आजही आवडीने खेळला जातो. अक्षरांनी रेखलेलं डंजन म्हणजे भुयार, प्रत्येक प्राणी म्हणजेही एक अक्षर, दर वेळी नवा नकाशा आणि एकदा मेलात की पहिल्यापासून सुरुवात. गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं कॉकाट्रिस या एकाच प्राण्याबद्दल आहेत, म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : मी नवा खेळाडू आहे. तब्येत पूर्ण भरलेली होती, चिलखतही चांगलं होतं. समोर पिवळ्या रंगाचा लहान 'सी' आला, मी त्याच्यावर चालून गेलो आणि त्याच क्षणी गेम संपला. हा बग आहे का?

बग नाही. तुम्ही कॉकाट्रिसला उघड्या हाताने मारलंत आणि दगड झालात. नेटहॅकमध्ये या प्राण्याच्या अंगाला उघडी कातडी लागली की माणूस जागच्या जागी पुतळा होतो. तब्येतीचे आकडे कितीही असोत, ते इथे मोजलेच जात नाहीत.

त्याचा चावा मात्र अगदी किरकोळ असतो, जास्तीत जास्त 3 अंकांचं नुकसान. वेग तर तुमच्या निम्मा : तुमचा 12, त्याचा 6. नुसतं चालत गेलात तरी तो मागे पडतो. धोका आहे तो तुमच्या स्वतःच्या हालचालीत. तलवारीने मारा, काही होत नाही. काठीने मारा, काही होत नाही. हातमोजे घालून ठोसा मारला तरी चालतं. पण मोज्यांशिवाय ठोसा मारणं किंवा बुटांशिवाय लाथ मारणं म्हणजे शेवट.

'मी कशाला उघड्या हाताने लढेन?' असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. माझी एक व्हाल्किरी, म्हणजे योद्धा स्त्रीचं पात्र, बऱ्याच खोलवर पोचली होती. हातात खंजिरांची चवड धरून एकेक फेकायची मला सवय होती. समोर कॉकाट्रिस दिसला, मी नियमाप्रमाणे लांबूनच खंजीर फेकले. शेवटचा खंजीर नेम चुकून पलीकडे पडला. आता तो अगदी शेजारी आला होता आणि मरायला टेकला होता. मी बाण असलेली कळ दाबली. हात रिकामा आहे हे त्या क्षणी डोक्यातच नव्हतं, कारण मनाने मी अजून खंजीरच धरून होते. तीन संध्याकाळींचा खेळ त्या एका कळीने संपला. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली : 'सी' दिसला की आधी हातात काय आहे ते तपासायचं, मगच पुढची कळ.

नाइट आणि मंक या दोन भूमिकांना सुरुवातीपासून चामडी हातमोजे मिळतात. तरी मंक खेळणाऱ्यांना सांगून ठेवते, मोजे हात वाचवतात, पाय नाही. लाथेची वेगळी आज्ञा देताना पायात बूट हवेतच.

प्रश्न : मी तलवारीनेच लढत होतो. 'हिस्स' असा आवाज ऐकू आल्याचा संदेश आला, मग 'यू आर स्लोइंग डाउन'. मी म्हटलं आधी याला संपवू. दोन चालींनंतर मी हलूच शकलो नाही. काय करायला हवं होतं?

लढाई तिथेच सोडायला हवी होती. हा दगड होण्याचा दुसरा मार्ग. कॉकाट्रिसने हल्ला करताना तुम्हाला स्पर्श केला तर साधारण तीनातून एकदा फुत्कार ऐकू येतो आणि त्या फुत्कारांपैकी दहातल्या एकाने दगड होण्याची प्रक्रिया सुरू होते. पाच पायऱ्यांची उलटी मोजणी असते. आधी तुम्ही मंदावता, मग हातपाय ताठरतात, मग हातपाय दगड होतात. या तिसऱ्या पायरीला हालचाल बंद. म्हणजे पहिला संदेश दिसल्यावर तुमच्याकडे फार तर दोन चाली उरतात. शत्रूला मारून मोजणी थांबत नाही.

त्या दोन चालींत करता येण्यासारखं काय? सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मेलेला सरडा खाणे. गेममधल्या लिझर्डचं कलेवर कधीच कुजत नाही. ते हजारो चाली जवळ बाळगता येतं आणि पहिल्या घासालाच दगड होणं थांबतं. सरडा मिळाला की तो जपा, आणि पिशवीत खोल ठेवू नका. पिशवीतून काढायला एक चाल जाते आणि तुमच्याकडे आहेतच दोन. सरडा नसेल तर अॅसिड ब्लॉबसारख्या आम्लधारी प्राण्याचं कलेवर किंवा अॅसिडचं औषध चालतं. 'स्टोन टू फ्लेश' हा मंत्र येत असेल तर तो स्वतःवर टाका.

यातलं काहीच नसेल तर प्रार्थना करा. दगड होणं हे देवाच्या लेखी मोठं संकट आहे. खेळ सुरू होऊन 300 चाली उलटल्या असतील, आधी प्रार्थना केलेली नसेल आणि गेम मोजत असलेला नशिबाचा आकडा उणे नसेल, तर देव वाचवतो. आधी केली असेल तर मधे 1000 चालींचं अंतर ठेवण्याचा प्रघात सुरक्षित आहे. गेहेनॉममध्ये, म्हणजे डंजनच्या तळाकडच्या नरकात, मात्र कोणीही ऐकत नाही, तिथे सरड्यावाचून जाऊच नका.

प्रश्न : अमावस्येला कॉकाट्रिस जास्त घातक होतो असं माझा मित्र सांगतो. ही खेळाडूंमधली अंधश्रद्धा आहे ना?

नाही, हे खरं आहे आणि मला हा नियम फार आवडतो. नेटहॅक तुमच्या संगणकाचं घड्याळ पाहून चंद्राची कला काढतो. अमावस्या असेल तर गेम उघडतानाच सावध राहण्याचा संदेश येतो. त्या काळात तुमच्याजवळ सरड्याचं कलेवर नसेल, तर दहातून एकदा ही सवलत रद्द होते. फुत्कार ऐकू आला की दगड होणं सुरू झालंच. शक्यता थेट दहापट वाढते. सरडा नुसता जवळ असला तरी ही जादा शिक्षा लागू होत नाही, खायचीही गरज नाही.

पौर्णिमेला उलट नशीब एका अंकाने वाढतं. आणि 13 तारखेला शुक्रवार आला तर नशीब उणे होतं, त्या दिवशी प्रार्थनेवर विसंबू नका. आपल्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावस्या छापलेली असतेच, खेळायला बसण्याआधी एकदा पाहून घ्या.

प्रश्न : मेलेला कॉकाट्रिस हातात धरून हत्यारासारखा वापरता येतो असं वाचलं. करावं का?

करावं, पण पूर्ण तयारीनिशी. हातमोजे घालून हे कलेवर हातात धरलं की ज्याला फटका लागेल तो दगड होतो. ट्रोल कितीही वेळा मेला तरी पुन्हा उठतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. त्याचा पुतळा झाला की मात्र तो उठत नाही. सैनिकांच्या बराकीत हे एक कलेवर घेऊन शिरलेला खेळाडू सगळी बराक रिकामी करून बाहेर येतो. गार्गॉइल आणि झोर्न यांच्यासारखे काही प्राणी मात्र याला दाद देत नाहीत. मेलेल्यांचं सामान पुतळ्याच्या पोटात अडकतं, ते काढायला कुदळ किंवा फोर्स बोल्ट हा मंत्र लागतो.

आता तयारीविषयी. आधी मोजे घाला, मग कलेवर उचला. ठेवताना आधी कलेवर, मग मोजे. हा क्रम उलटला तर तुम्हीच पुतळा. हातात कलेवर असताना खड्ड्यात पडलात तर पडता पडता ते अंगाला लागतं, आणि तेव्हा मोजे वाचवत नाहीत. ओझं जास्त असताना जिना उतरू नका, कारण ओझ्याने वाकलेला माणूस जिन्यावरून कोसळतो आणि पुन्हा तेच होतं. आंधळे झाला असाल तर मोज्यांशिवाय जमिनीवरच्या वस्तू चाचपू नका, खाली काय पडलंय ते हाताला आधी कळतं.

साधारण 250 चालींत हे कलेवर नाहीसं होतं. म्हणून मी ते अनोळखी जागेत हिंडताना कधी धरत नाही. जमीन तपासलेली आहे, शत्रू कुठे आहेत ते माहीत आहे, अशाच वेळी धरते. खड्डे चुकवायला तरंगण्याची सोय असेल तर उत्तमच.

प्रश्न : माझी मांजर त्याच्यावर हल्ला करून दगड होईल का?

सहसा नाही. पाळीव प्राणी कॉकाट्रिसवर झडप घालत नाहीत आणि त्याचं कलेवरही खात नाहीत. तुमच्या हातातलं कलेवर चुकून मांजरीला लागलं तर मात्र ती गेलीच. अशा वेळी पुतळा फोडू नका. 'स्टोन टू फ्लेश' हाती आलं तर शिळा झालेल्या अहिल्येप्रमाणे तिच्यात पुन्हा जीव आणता येतो.

प्रश्न : हा प्राणी गेम बनवणाऱ्यांनी कल्पनेने रचला का?

नाही, तो मध्ययुगीन युरोपातला आहे. कोंबड्याचं डोकं आणि सापाचं किंवा ड्रॅगनचं अंग. कोंबड्याने घातलेलं अंडं बेडकाने किंवा सापाने उबवलं की त्यातून हा निघतो, असं लोक मानत. त्या कथांत तो नजरेने मारतो. स्पर्शाने दगड करणारं रूप 1974 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे आणि नेटहॅकचे कितीतरी प्राणी त्याच घराण्यातले आहेत.

नावाची गोष्ट तर आपल्याला जवळची वाटेल. कॉकाट्रिस हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, तो एका ग्रीक शब्दाचं भाषांतर होता, आणि तो ग्रीक शब्द होता मुंगसासाठी. सापाच्या वैऱ्याचं नाव फिरत फिरत सापाच्याच नात्यातल्या प्राण्याला चिकटलं.

प्रश्न : अठराव्या पातळीवर एका खोलीत शिरले तर सगळीकडे पिवळे 'सी' आणि मधे पुतळे. एका पुतळ्यावर माझ्याच जुन्या पात्राचं नाव! मी घाबरून गेम सेव्ह करून बंद केला. आता काय करू?

बंद केलात ते छान केलंत. हे कॉकाट्रिसचं घरटं. सोळाव्या पातळीच्या खालीच ते सापडू शकतं. आतले सगळे सुरुवातीला झोपलेले असतात, पण दबक्या पावलांचा गुण नसेल तर तुम्ही शिरताच सुमारे एक तृतीयांश जागे होतात. तेव्हा गेम उघडल्यावर पहिलं काम, दाराबाहेर या. दारात एका वेळी एकच येऊ शकतो. मागे लांब मोकळा बोळ असेल तर दोन पावलं मागे, एक खंजीर, पुन्हा दोन पावलं मागे, असं करत जा. त्यांचा वेग निम्मा आहे, घाई करण्याचं काही कारण नाही. शेवटचा खंजीर फेकू नका, तो हातात राहू द्या.

खोली रिकामी झाली की पुतळ्यांकडे वळा. त्यांच्यावरची नावं गेम त्याच्या गुणवत्ता यादीतून घेतो, म्हणून तुमचं जुनं पात्र तिथे उभं आहे. ते मेलं कसंही असो, या खोलीत मात्र ते दगड होऊन भेटतं. पुतळ्यांच्या पोटात कधी काहीच नसतं, कधी तीन-चार वस्तू असतात. कुदळीने एकेक फोडा. माझ्या अशाच एका खोलीत त्या जुन्या व्हाल्किरीच्या नावाचा पुतळा होता. मी तो सगळ्यात शेवटी फोडला, आणि त्यातून चामड्याचे हातमोजे निघाले.