बसंतरची सेंच्युरियन: गंज कमी, धूळ जास्त

तुम्ही पत्रात लिहिता की एएफव्ही क्लब कंपनीचं सेंच्युरियन रणगाड्याचं १/३५ प्लास्टिक मॉडेल घेतलं आहे आणि डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात बसंतर नाल्यापाशी लढलेली पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटची गाडी करायची आहे. अडचणी तीन. तेलरंगाचा वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून सोडायचा अगदी पातळ रंग) दिल्यावर मागच्या डेकवरचा, म्हणजे इंजिनावरच्या झाकणावरचा अॅक्रिलिक रंग सुरकुतून निघाला, डिकलभोवती (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) चंदेरी कडा दिसतात, आणि गंज, चिखल, ओरखडे सगळं करूनही रणगाडा खेळण्यासारखाच दिसतो. तिसऱ्यावर मला जास्त बोलायचंय, पण आधी पहिल्या दोन अडचणी मार्गी लावू.

वॉशसाठी वापरलेला थिनर हार्डवेअरच्या दुकानातला होता हे तुम्हीच लिहिलंय. गडबड तिथेच झाली. आपल्याकडे दुकानात नुसतं ‘थिनर’ मागितलं की बहुधा एनसी थिनर हातात पडतो. लाकडाच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरसाठी तो चांगला, पण मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ते त्यात विरघळतं. रंगाचं तर नावच नको. वॉशला लागतं ते मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे रंगारी ज्याला एमटीओ म्हणतात ते, किंवा चित्रकलेच्या दुकानात मिळणारं वासरहित टर्पेंटाइन. ते मंद असतं, वाळलेल्या अॅक्रिलिकला धक्का लावत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो, किटच्या उरलेल्या फ्रेमवर एक थेंब टाका, मिनिटभराने बोट लावा. चिकट लागलं तर ती बाटली ब्रश धुवायला ठेवा. आणि ही सगळी कामं खिडकी उघडी ठेवूनच करा, एनसी थिनरचा वास डोक्यात चढतो.

डेक आता लगेच घासू नका. मऊ पडलेलं प्लास्टिक पुन्हा कडक व्हायला दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग ६०० आणि नंतर १००० नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात भिजवून घासा आणि प्रायमर मारा. जाळ्यांची नक्षी वितळली असेल तर ती परत कोरण्यात जीव घालवू नका. टिश्यूपेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून त्याची घडी घातलेली ताडपत्री करा आणि त्या जागेवर टाका, दोन जेरीकॅन ठेवा. लढाईतल्या गाडीवर सामान लादलेलं असतंच, कुणालाही शंका येणार नाही.

डिकलचं कारण साधं आहे. मॅट रंग जवळून पाहिला तर खडबडीत असतो. त्यावर डिकल बसवली की फिल्मखाली हवा अडकते आणि तीच चंदेरी दिसते. म्हणून डिकलच्या जागी आधी ग्लॉस कोट हवा. आता बसवून झाल्याच आहेत, तर बारीक सुईने चंदेरी भागात टोचे मारा आणि मायक्रो सॉलसारखं डिकल सॉफ्टनर सोडा. फिल्म सुरकुतेल, घाबरू नका आणि हात लावू नका, वाळताना ती आपोआप बसते. गाडीचं नाव घरच्या प्रिंटरवर छापायचा विचार असेल तर तो पांढरी शाई देत नाही हे लक्षात घ्या. पांढरी अक्षरं बारीक ब्रशने हातानेच काढावी लागतील.

मूळ रंगाबद्दल थोडक्यात. बाटलीतला गडद हिरवा तसाच मारू नका. १/३५ मॉडेल फूटभरावरून पाहणं म्हणजे खरा रणगाडा ३५ फुटांवरून पाहणं, आणि तेवढ्या अंतरावर रंग फिका, थोडा करडा वाटतो. हिरव्यात थोडा बफ (फिकट मातकट पिवळा) किंवा फिका पिवळा मिसळा. पांढरा नको, त्याने रंग खडूसारखा होतो. एअरब्रशला टामियाचा अॅक्रिलिक निम्मा रंग, निम्मा थिनर, दाब १५ ते १८ पीएसआय, पातळ दोन-तीन हात. वरचे आडवे भाग एक छटा उजळ, खालचे गडद. मॅन्टलेटवरचं (तोफेच्या बुडाशी असलेल्या चिलखतावरचं) कॅनव्हासचं आवरण मात्र हिरवं रंगवू नका. ते कापड आहे, वेगळ्या खाकीत करा आणि घड्यांच्या कडा फिक्या ठेवा. टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या बाजू ओतीव पोलादाच्या, तर हल, म्हणजे खालचा सांगाडा, सपाट पत्रे जोडून केलेला. हा फरक रंगापूर्वीच दाखवायचा असतो: टरेटवर पातळ केलेली पुट्टी जुन्या, राठ ब्रशने ठोकून.

आता खेळण्याचा मुद्दा. तुम्ही सगळी तंत्रं केलीत, पण गाडी कुठे उभी आहे हे ठरवलं नाही. व्हिडिओत दिसतात ते बहुतेक रशियाच्या चिखलातले किंवा आफ्रिकेच्या वाळूतले जर्मन रणगाडे. बसंतर नाला ज्यात येतो तो शकरगढचा भाग रावी आणि चिनाबच्या मधला, नद्यांनी आणलेल्या गाळाचा. ती माती करडी, फिकट तपकिरी, पिठासारखी बारीक. तुम्ही लावलेला लाल तपकिरी चिखल सरळ रत्नागिरीचा वाटतो. नगरजवळच्या के. के. रेंजवर, लष्कराच्या सराव मैदानावर, सराव करणारी गाडी करायची असती तर मुरमाची धूळ आणि काळी माती चालली असती. इथे दोन्ही नको.

मग त्या गाडीवर काय काय घडलं याचा क्रम लावा. युद्ध सुरू झालं ३ डिसेंबरला, पूना हॉर्सचे परमवीर चक्र विजेते अरुण खेत्रपाल यांची लढाई १६ डिसेंबरची. म्हणजे गाडी दहा-बारा दिवस मैदानात होती, त्याआधी रेजिमेंटने नीट राखलेली. थंडीचे कोरडे दिवस, शेतातून आणि सरकंड्याच्या उंच गवतातून चाल, मग रात्री नाला ओलांडणं. यातून वेदरिंगचा (वापराच्या आणि हवामानाच्या खुणा दाखवण्याचा) आराखडा आपोआप निघतो: वर सगळीकडे सुकी धूळ, चाकं आणि खालच्या हलवर ओल्या मातीचे थर, पुढच्या कडांवर गवताने घासल्याच्या बारीक रेघा. गंज जवळजवळ नाही. दहा दिवसांत जाड चिलखतावर लाल ओघळ येत नाहीत. गंजाचा हक्काचा भाग मागच्या मडगार्डवरचे दोन सायलेन्सर. उष्णतेने तिथला रंग जळून जातो आणि लोखंड उघडं पडतं. तिथे फिका नारिंगी, गडद तपकिरी आणि थोडी काजळी, सगळं स्पंजने टिपून करा. इंजिन रोल्स-रॉइसचं मिटिऑर, पेट्रोलवर चालणारं, त्यामुळे डिझेल गाडीसारखे काळेकुट्ट पट्टे नकोत.

ओरखड्यांचंही मोजमाप लक्षात ठेवा. मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. तुमच्या पुढच्या प्लेटवर जेवढे टवके आहेत तेवढे खरोखर असते तर गाडी वर्कशॉपला गेली असती. क्रू जिथे पाय ठेवतो, हॅच (वर चढण्या-उतरण्याचं झाकण) जिथे आपटतं, टो-केबल (गाडी ओढायची तार) जिथे घासते, तिथेच करा, आणि चंदेरी रंगाऐवजी गडद तपकिरी वापरा. हॅचच्या कडेवर चमक हवी असेल तर पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा, तेवढं पुरतं.

वॉश संपूर्ण गाडीवर फासू नका, फक्त जोड, बोल्ट आणि खाचांत सोडा. कॅम्लिनच्या तेलरंगांतला रॉ अंबर आणि किंचित काळा चालतो, फक्त नळीतून काढलेला रंग अर्धा तास पुठ्ठ्यावर ठेवा म्हणजे जवसाचं जास्तीचं तेल पुठ्ठा पिऊन घेईल. नाहीतर वॉश दिवसेंदिवस वाळत नाही आणि वाळल्यावर चकाकतो. खाली ग्लॉस किंवा सॅटिन कोट असेल तर वॉश खाचेतून आपोआप धावतो. मॅटवर तो डाग पाडतो. वीस-पंचवीस मिनिटांनी एमटीओत ओला करून पुसलेल्या ब्रशने जादा रंग खाली ओढा. उभ्या भागांवर वरून खाली, पावसाचं पाणी वाहतं तसं.

धुळीसाठी महागडे पिगमेंट, म्हणजे तयार रंगपूड, लागतीलच असं नाही. चित्रकलेच्या दुकानातले कोरडे पेस्टल खडू सँडपेपरवर घासून पूड करा. ऑइल पेस्टल नव्हे, ते तेलकट असतात. बफ, फिका करडा आणि थोडा तपकिरी मिसळा. पूड कोरडीच ब्रशने टाका, मग ब्रशच्या टोकाने एमटीओचा थेंब बाजूला टेकवा, तो स्वतःच पसरेल. ओलं असताना रंग गडद दिसतो, उडून गेल्यावर बराच फिका होतो, तोवर थांबा आणि मगच अजून टाकायची का ते ठरवा. नाल्याच्या चिखलाला हीच पूड, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि मॅट अॅक्रिलिक मिडियम कालवा. अंगणातली माती घेतलीत तर चहाच्या गाळणीतून नव्हे, दुहेरी मलमलीतून गाळा: अर्ध्या मिलिमीटरचा कण या मोजमापात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. चिखलाचे दोन थर करा. खालचा वाळलेला, फिका. वरचा ताजा, गडद, आणि तोही फक्त चाकांच्या खालच्या अर्ध्यावर आणि स्कर्टच्या (चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांच्या) आतल्या बाजूला. त्या ताज्या थरावर सॅटिन व्हार्निशचा हलका हात दिला की तो ओला वाटतो. नाला ओलांडून आलेली गाडी तेवढ्यावरच कळते.

ट्रॅक (साखळीपट्टे) तुम्ही गनमेटल रंगवलेत, ते बदला. चालत्या गाडीचा ट्रॅक एकाच रंगाचा नसतो. बाहेरची बाजू जमिनीवर घासून उजळ, आतली बाजू रबरी टायरवाली चाकं फिरतात त्या दोन पट्ट्यांत गुळगुळीत, मधले गाइड हॉर्न (पट्टा चाकांवरून सरकू न देणारे दात) कडेला चकचकीत, आणि बाकी सगळं मातीने भरलेलं. आधी गडद तपकिरी, मग पातळ मातीचा वॉश, तो वाळल्यावर उंचवट्यांवरची माती ओल्या कापसाने पुसून वर शिसं. चाकांच्या टायरना काळा नको, गडद करडा द्या.

संदर्भासाठी नगरला जाणार असाल (आता अहिल्यानगर), तर कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन जवळून बघता येते, आणि खेत्रपाल यांची सेंच्युरियन ‘फामागुस्ता’ तिथल्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवली आहे. पण संग्रहालयातल्या गाड्यांचा रंग पाहून तसाच मॉडेलवर देऊ नका. तो नंतर दिलेला, जाड, चकाकणारा रंग असतो. तिथे वेल्डिंगच्या रेषा, ओतीव पोलादाचा पोत, टो-केबल कुठे अडकवतात, पायऱ्या कुठे आहेत, हे पाहा. रंग आणि धूळ त्या वेळच्या फोटोंवरून ठरवा, कृष्णधवल असले तरी. धूळ कुठे जास्त बसली आहे एवढं त्यात नक्की कळतं.

शेवटचा मॅट कोट डिकल आणि वॉशनंतर, पण पूड टाकायच्या आधी. पुडीवर मॅट मारलात तर निम्मी धूळ गायब होते. आणि कोकणात किंवा मुंबईत असाल तर हा हात पावसाळ्यात मारू नका. हवेतल्या ओलाव्याने स्प्रे कॅनचा मॅट पांढरट पडतो आणि हिरव्यावर बुरशी आल्यासारखा दिसतो. एखादा कोरडा दिवस मिळेपर्यंत ट्रॅकचं काम उरकून घ्या.