दूरचित्रवाणीसाठी एकच नाट्यपद निवडताना : ‘सौभद्र’मधील तुमच्या तीन पर्यायांविषयी

नमस्कार. तुमच्या हौशी मंडळाला ‘संगीत सौभद्र’मधील एक पद वाहिनीवर सादर करण्याचे निमंत्रण आले आहे, ‘प्रिये पहा’, ‘नच सुंदरी करू कोपा’ आणि ‘वद जाऊ कुणाला शरण’ या तिन्हींत मंडळाची मते विभागली आहेत आणि ‘प्रिये पहा’ सर्वांना ठाऊक असल्यामुळे अध्यक्षांचा आग्रह त्याच पदासाठी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. आमच्या मंडळातही हीच चर्चा झाली होती. फक्त नाटक ‘स्वयंवर’ होते आणि पद ‘नाथ हा माझा’. मी संगीतज्ञ नाही. मंडळाची व्यवस्था पाहणारा आणि गरज पडेल तेव्हा ऑर्गनवर बसणारा कार्यकर्ता आहे, त्यामुळे माझे मत त्याच बेताने घ्यावे.

गळा, पट्टी, पाठांतर यांविषयी तुम्हाला काही सांगायला नको. आम्हाला सर्वांत महाग पडले ते त्या वाहिनीचे निर्मिती कार्यालय. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसे आता बदललीही असतील. त्यांनी दूरध्वनीवर सात मिनिटे सांगितली होती. लेखी मागितले, तेव्हा “सगळे ठरलेलेच आहे, पत्र कशाला?” असे उत्तर मिळाले. आम्ही त्या सात मिनिटांची मांडणी केली : आधी रुक्मिणीचे दोन संवाद, मग यमन रागातला तो मुखडा (पदाची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ), अंतरा (पदाचा पुढचा भाग), थोडी आलापी (संथ स्वरविस्तार), एक-दोन ताना (जलद स्वरसमूह) आणि पुन्हा मुखडा. ध्वनिचित्रमुद्रणाच्या दिवशी रंगभूषा झाल्यावर एक साहाय्यक हातात कागद घेऊन आला आणि प्रत्येकाला तीनच मिनिटे असल्याचे त्याने सांगितले. पद छोटे करून देण्याची आमची तयारी होती, पण पूर्ण गा, संकलनात बघू, असे सांगण्यात आले. प्रक्षेपणात संवाद नव्हते आणि अंतराही नव्हता. उरला मुखडा आणि एक तान, आणि तीही तालाच्या आवर्तनाच्या मध्येच कापलेली, त्यामुळे सम (तालाची पहिली मात्रा) चुकल्यासारखी ऐकू येत होती. आमच्या तरुण गायिकेने त्या पदावर मनापासून मेहनत घेतली होती, आणि तिला नातेवाइकांकडून “ताल सुटला का गं?” हे ऐकावे लागले. कार्यालयाला पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. दूरध्वनी केला, तर संकलनाचा विभाग वेगळा असल्याचे कळले. याचा राग मला अजूनही आहे आणि तो रास्त आहे असे मी मानतो.

म्हणून पद निवडताना माझा पहिला प्रश्न असा असतो, की तीन मिनिटांत या पदाचे काय उरते? रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत एकेक पद कितीही वाढवता येते, आणि ज्या पदांची कीर्ती त्या विस्तारावर उभी आहे ती छोट्या वेळेत उघडी पडतात. इथे जुन्या तबकड्यांचा फार उपयोग होतो. 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असे आणि बालगंधर्वांसारख्या गायकांनी तेवढ्या वेळेत पद पूर्ण बसवले आहे. मुखडा किती वेळा घेतला, तान कुठे आवरली, अंतऱ्यावरून परत कसे आले, हे घड्याळ समोर ठेवून ऐकावे. गायकीची नक्कल करण्यासाठी नव्हे, आटोपशीर मांडणी समजून घेण्यासाठी.

आता तुमची तीन पदे. ‘प्रिये पहा’ हे देशकार रागातले पद अतिशय सुंदर आहे, पण रात्र सरून उषःकाल होत असल्याचा भाव स्वरांतून सावकाश उलगडावा लागतो. ती सावकाशी वाहिनी देणार नाही. शिवाय गायक-नट छोटा गंधर्वांचा कृष्ण ज्यांच्या कानांत बसला आहे ते श्रोते पहिल्या ओळीपासून तुलना करतील, आणि “सर्वांना ठाऊक आहे” या अध्यक्षांच्या मुद्द्यातला धोका नेमका हाच आहे. (सायंकाळच्या कार्यक्रमात सकाळचा राग कसा, ही शंका कुणी काढली असल्यास तिच्यात वेळ घालवू नये, नाटकात प्रवेशाची वेळ चालते.)

‘नच सुंदरी करू कोपा’ वाहिनीसाठी अधिक सोयीचे आहे. रुसलेल्या पत्नीची समजूत कृष्ण काढतो आहे, हे कळण्यासाठी प्रास्ताविक लागत नाही. ‘रागाने तव तनु ही पावत कशी कंपा’ या ओळीवर समोरच्या नटीला खरोखर काही करायला मिळते आणि कॅमेऱ्याला दोन चेहरे मिळतात. मात्र ती नटी नुसती उभी राहणारी असेल, तर हाच फायदा उलटतो.

माझे मत मात्र ‘वद जाऊ कुणाला शरण’साठी आहे. बलरामाने सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवला आहे, तिला अर्जुन हवा आहे आणि घरातले कुणी ऐकत नाही. 1882 साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाचा सगळा पेच या एका पदात आहे. ती सखीला विचारते आहे, त्यामुळे शब्द बोलल्यासारखे येतात आणि तानेवाचूनही पद पूर्ण वाटते. संकलकाने शेवट कापला, तरी अर्थ शिल्लक राहतो. तुमची सुभद्रा शब्द स्वच्छ टाकते आणि तुमचा कृष्ण तानेत तयार आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. या माध्यमात मी शब्दाच्या बाजूने कौल देईन. प्रेक्षकाला पुढे काय झाले असेल असे वाटले, तरच तो तुमच्या प्रयोगाला येईल, आणि मंडळाने वाहिनीवर जाण्याचा हेतू तोच असावा.

हक्कांविषयी थोडे, आणि मी वकील नाही हे आधीच सांगतो. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचे निधन 1885 मध्ये झाले, त्यामुळे ‘सौभद्र’च्या मूळ शब्दांची अडचण नाही. परंतु तुम्ही बसवलेली चाल नंतरच्या एखाद्या संगीतकाराची असल्यास तिचा विचार वेगळा करावा लागेल, कारण आपल्याकडे सर्वसाधारणपणे निर्मात्याच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क टिकतो. उद्या ‘मत्स्यगंधा’तले पद घ्यायचे ठरले, तर जितेंद्र अभिषेकींच्या चालीला हे लागू होईल, त्यांचे निधन 1998 मधले आहे. नाटकाच्या प्रयोगाची परवानगी म्हणजे प्रक्षेपणाची परवानगी असे गृहीत धरू नये. कुणाच्या ध्वनिमुद्रणावरून तयार केलेला ट्रॅक लावून तर मुळीच गाऊ नये. एक तर तो हक्काचा प्रश्न आहे, आणि दुसरे म्हणजे समोर ऑर्गन-तबला नसेल तर नाट्यपदातली बोलण्याची लय मरते. वादक चौकटीत दिसतील का, हेही आधीच विचारा. आमचे ज्येष्ठ ऑर्गनवादक पूर्ण पदभर पडद्याबाहेर राहिले.

सुभद्रेच्या बांगड्या आणि गळ्यातले मोठे दागिने कॉलरला लावलेल्या माइकवर वाजतात, म्हणून रंगीत तालीम पूर्ण दागिन्यांसह करावी. बारीक चौकडीचे वस्त्र कॅमेऱ्यावर थरथरते, तेही टाळावे.

आणि होकार कळवण्याआधी कार्यालयाकडून ईमेलवर तीन गोष्टी मागवाव्यात : प्रक्षेपित होणारी मिनिटे, त्यांत संवाद धरले आहेत की नाही, आणि पद कापायचे झाल्यास कुठे कापायचे हे मंडळ सांगेल याला त्यांची मान्यता. उत्तर आले नाही, तर अडीच मिनिटांचेच पद बसवा आणि तेवढेच गा, तिथे कुणी कितीही “पूर्ण गा” म्हटले तरी.